आबांना विचारायचं राहिलं

आमच्या विट्याकडचे लोक सोन्याच्या गलाईला देशभर जातात, तसा मीही तामिळनाडूत गेलो होतो. जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करायचं काम. एका सकाळी ॲसिडची बाटली फुटली, डोळ्यांत उडालं आणि ऐन तिशीत मी आंधळा झालो.

गावी परतलो, पण खाटेवरून उठावंसं वाटेना. माझे वडील, आबा, पलटणीतून पेन्शनीत आलेले. देवळात भजनाला पेटी वाजवायचे, मलाही त्यांनीच शिकवलेली. त्यांनी ती माझ्यापुढं आणून ठेवली. माझी बोटं पट्ट्यांवर नुसती पडून राहिली.

पुढं उपचाराला सांगलीला नेलं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ होते. त्यांची बायको संध्याकाळी त्यांच्या उशाशी प्रार्थना करायची. एकदा तिनं वाटेवर बसलेल्या आंधळ्याची गोष्ट सांगितली. येशू थांबला आणि त्यानं विचारलं, तुला काय हवंय?

मी चिडून म्हणालो, "त्याला दिसलं असंल. माझं काय?"

ती म्हणाली, "तुला दिसेल असं मी सांगणार नाही, बाळा. पण तुला काय हवंय ते सांगून तर बघ."

अपघातापासून लोक माझ्याविषयी बोलत होते, डॉक्टरांशी, आबांशी, माझ्या बायकोशी. मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मला रडू फुटलं. "कुनाच्या तरी उपेगी पडायचंय," एवढंच बोललो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माझेच शब्द प्रार्थनेत घेतले. नजर आली नाही. पण दुसऱ्या सकाळी मी बायकोला म्हणालो, मला जरा बाहेर चालव.

बायकोला सांगलीत शिवणकाम मिळालं, आम्ही तिथंच राहिलो. त्या बाईंबरोबर चर्चला जाऊ लागलो. पुढं बाप्तिस्मा घेतला, तिथं पेटी वाजवू लागलो. गावी जाऊन हे सांगितलं, तेव्हा आबा म्हणाले, "आमचा देव तुला कमी पडला व्हय रं?"

"तसं न्हाई, आबा."

आबा उठून रानाकडं निघून गेले. त्यानंतर फोनवर आईच बोलायची. मागं आबांचा खोकला ऐकू यायचा.

नाताळच्या उपासनेनंतर चर्चचा वॉचमन मला म्हणाला, "एक म्हातारं बाबा दारापाशी हुबं हुतं. विट्याकडनं आलो म्हनलं. मी आत बोलावलं, तर चपला काढल्या, पर आत आलं न्हाईत. शेवटच्या गाण्यापतूर ऐकत हुतं. मग गेलं."

मी लगेच फोन लावला. आई म्हणाली, "आजून आलं न्हाईत. सकाळी न सांगताच गेल्यात." मला वाटलं, हे फोनवर बोलायचं नाही. समोर बसून विचारीन. ऊस कारखान्याला जाईपर्यंत आबा रानातच असतात, तोवर थांबू. ऊस जायच्या आधीच आबा गेले. बांधावर बसल्या जागी.

माझा देवावर विश्वास आहे, आणि आबांना त्याच्या हाती सोपवून मला झोपही लागते. पण ही हुरहूर त्यानं जात नाही. गाणं त्यांना कसं वाटलं? राग उतरला होता, की पोराला एकदा ऐकून घ्यायचं म्हणूनच आले होते? चपला काढलेल्या माणसाला आत यायला एक पाऊल उरलं होतं. ते पाऊल का थांबलं?

आता मी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जातो, नुकतीच नजर गेलेल्यांजवळ बसतो. ताटातलं चाचपून कसं जेवायचं, जिना कसा उतरायचा, ते दाखवतो. परवा एक तरुण तोंड फिरवून पडला होता. त्याचे वडील मला म्हणाले, "तुमीच बोला जरा. आमचं ऐकत न्हाई."

मी म्हणालो, "मी बोलतो मागनं. आवं, आधी तुमी त्याच्याजवळ बसा."

खाट करकरली. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.