मूठ उघडेना

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं काही मी मानत नाही. सावली गावाजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. लिंबू-मिरची बांधून येणाऱ्या पोरांना इतकं चिडवते की त्यांचे पालक तक्रार घेऊन येतात! तरी हे लिहितेय, कारण घडलं ते माझ्याच उजव्या हातात.

लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. चंद्रपूरच्या एका दवाखान्यात उपचार चालू होते. त्या दिवशी माझ्या नवऱ्याचं, सुधाकरचं, सॅम्पल गर्भाशयात सोडायचं होतं. मी टेबलावर आडवी झाले आणि उजवी मूठ आपोआप मिटली. सिस्टरने बोटं ओढली, मी ओढली... उघडेना.

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले, "यात हाताचं काही काम नाही."

मला धीर द्यायला सिस्टरने सुधाकरला आत बोलावलं. त्याने मूठ पाहिली आणि डॉक्टरांचा हातच धरला.

आमच्या घरची एक रीत आहे. पावसाळ्याच्या तोंडावर धानाचे पऱ्हे टाकायच्या, म्हणजे रोपांसाठी भाताचं बी पेरायच्या दिवशी भिजवलेल्या बियाण्याची पहिली मूठ घरची बाई भरते. घरधनी विचारतो, "टाकू का?" ती 'टाका' म्हणून मूठ सोडेपर्यंत एक दाणा मातीत पडत नाही. लग्नापासून ती मूठ माझी.

"थांबा डाक्टरसाहेब!" सुधाकर रडायलाच लागला. "मंगला, ते माह्यं नोहे. दुसऱ्याचं हाये. माह्या रिपोर्टमंधी एकबी शुक्राणू नाई निघाला. बाईले काऊन सांगता, म्हणले हे डाक्टरसाहेब... मीबी गप राह्यलो. तुले कोणी विचारलंच नाई वं."

डॉक्टरांनी हातातली नळी ट्रेमध्ये ठेवून दिली. मी संतापाने सुधाकरकडे बघत होते — आणि मूठ सुटली. सावकाश, एकेक बोट. तळहात ओला होता, त्याला भिजवलेल्या धानाचा आंबूस वास येत होता. ऐन फेब्रुवारीत! सिस्टरनेही हुंगलं आणि तिने चक्क हात जोडले. भीती नाही वाटली मला. देवळातही कधी वाटलं नाही तसं काहीतरी वाटलं.

मी टेबलावरून उतरले, घरी आले. कित्येक दिवस सुधाकरशी बोलले नाही. मग एका संध्याकाळी त्यानेच अंगणात विचारलं, "तुही मर्जी काय?" विचार करायला मी वेळ घेतला. 'हो' म्हटलं — दात्याच्याच सॅम्पलला, पण दुसऱ्या दवाखान्यात, सगळं समजून. आमची मुलगी आता तीन वर्षांची आहे.

हाडांचे डॉक्टर म्हणतात, स्नायूंचा स्पॅझम. असेलही. पण मला विचारलेलं नाही, हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं... मग माझ्या हाताला कुठून कळलं?