चरवीचे बूड

९ सप्टेंबर १९७२ रोजी शिकारीवर निर्बंध घालणाऱ्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात उमरेडकडच्या जंगलात गोविंदा वासनिक नावाचा रोजंदारी वनराखा गोळी लागून मेला. पंचनाम्याने त्यालाच चोर ठरवले. चोरून सशाच्या शिकारीला गेला आणि सोबत्याच्या छोट्या रायफलीची गोळी लागली, असे त्यात लिहिले होते. गोळी सापडली नाही. सोबती कोण, हेही कोणी सांगितले नाही.

त्याच्या लेकीने, सिंधूने, यावर कधीच विश्वास ठेवला नाही. त्याच दिवशी जंगलात शहरातल्या पाहुण्यांची जीप आणि मोठी रायफल दिसली होती, असे आई सांगे. पुराव्याला उरली होती त्याच्या पाठीवर बांधलेली पाण्याची पितळी चरवी. गोळी तिच्यातून आरपार जाऊन गोविंदाच्या पाठीत शिरली होती.

परंतु फुटके भांडे घरात ठेवायचे नाही, ही आईची रीत. विधवेला पाण्यासाठी भांडेही हवेच होते. महिनाभरात तिने इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात चरवीच्या भोकांवर ठिगळे बसवून कथलाचा डाग देऊन घेतला. सोबत आलेली सिंधू त्याच दुकानात भांडी घासायला राहिली आणि तिथेच म्हातारी झाली. कोणतेही भांडे बोटाच्या पेराने वाजवल्याशिवाय ती खरे मानीत नसे. माणसांच्या बाबतीतही तिचा हाच हिशेब होता.

तिची नात नंदिनी न्यायवैद्यकशास्त्र शिकू लागली, तेव्हा सक्करदऱ्याच्या घरात चरवी माळ्यावरून खाली आली.

"एवढालं ठिगळ!" सिंधूताई म्हणाली. "मोठं भोक म्हणजे मोठीच बंदूक. लिहून टाक."

"भोकावरून नाही ठरत, आजी. छोट्या रायफलीची गोळी अडीच ग्रॅमची, मोठीची वीस ग्रॅमच्या घरात, वेगही दुपटीहून जास्त. खरा फरक जोराचा, चाळीसेक पटीचा. चरवी भरलेली असती तर छोटी गोळी पाण्यात बहुतेक अडकली असती. मोठी मात्र पाण्याच्या दाबानं बुडाचे सांधे उसवून निघाली असती. रिकामी असती, तर दोन्ही सारख्याच आरपार."

"तू बी त्यायच्याच बाजूनं बोलून राहिली काय वं?"

"बाजू नाही गं. ठिगळाखालचं बघायचंय."

दोघी इतवारीत भैयाजींकडे गेल्या. दुकान आता त्यांचे होते. डाग त्यांच्या वडिलांनी दिला होता.

"सिंधू, पन्नास वर्सानं तक्रार घेऊन आली? वारंटी संपली तुही!"

"दात काढू नका, भैयाजी. ठिगळं काढा."

भैयाजींनी चरवी आचेवर धरली. डाग वितळला आणि दोन्ही ठिगळे सुटली. आत दोन स्वच्छ, वाटोळी भोके. सिंधूताईने कडेवर बोट फिरवले आणि तिचा चेहरा उतरला. डाग नीट बसावा म्हणून कारागिराने फाटक्या कडा कात्रीने गोल कापल्या होत्या. गोळीची खूण कचऱ्यात गेली होती.

नंदिनीने चरवी उलटी केली. "हे बूड मूळचं नाही."

"बाबूजीनं नवीन बसवलं," भैयाजी म्हणाले. "सांधा त्यायच्याच हातचा आहे."

"काहून बसवलं?" सिंधूताईने विचारले. "उसवलं होतं, का झिजलं होतं?"

"मी तेव्हा लहान होतो वं. चरवी जुनी होती, झिजलीही असंन. झूट कसा बोलू?"

सिंधूताईने त्यांच्याकडे रोखून पाहिले. चरवी वाजवावी तसे ते उत्तर तिने मनात वाजवले. त्यात खोट सापडली नाही, हेच तिला सोसेना. भैयाजींनी ठिगळ पुन्हा उचलले, तेव्हा तिने त्यांचा हात धरला.

"आता डाग नका देऊ. एकदा झाकलं, तेवढं पुरे."

भोकांसकट चरवी घरी आली आणि गोविंदाच्या तसबिरीखाली ठेवली गेली.

त्या दिवशी चरवीत पाणी होते की नाही, हे माहीत नाही. बूड गोळीने उसवले की वापराने झिजले, हे माहीत नाही. गोविंदा वासनिकला कोणत्या रायफलीने मारले आणि ती कोणाच्या हातात होती, हेही आजवर कळलेले नाही.