शालूत बांधलेली पुस्तकं

ट्रंक उघडली की माझ्या लग्नाच्या शालूला अजून कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास येतो. ग्रंथालयातून चोरलेली जुनी दुर्मिळ पुस्तकं ह्यांनी कसर लागू नये म्हणून पाला घालून त्यात बांधली होती. मला विचारलंसुद्धा नाही!

बाहत्तर साली ग्रंथालयाचा शिपाई शुक्रवार पेठेतल्या आमच्या दारात आला. “वैनी, मास्तरांनी पुस्तकं आणल्यात का?”

“व्हय की. त्या ट्रंकेत हायत,” मीच म्हणाले.

खरेपणाबद्दल लोकांनी माझं कौतुक केलं. खरेपणा कसला, मी जळत होते!

शिपायानं शालू सोडून खाली टाकला. “हळू धरा, पानं तुटतील!” आतून धावत आलेले हे कळवळले. निदान रागानं तरी माझ्याकडे बघतील म्हणून मी समोरच उभी राहिले. हे शालू तुडवत, अनवाणी, पुस्तकांमागं गेले.