व्हॉल्व्हला बांधलेला रुमाल

मालकिणीने लाँड्रीत धुण्याचं पाणी गाळून पुन्हा वापरणारं यंत्र बसवलं, तेव्हापासून गटाराचा व्हॉल्व्ह उघडायचा नव्हता. पण म्हाताऱ्या धुलाईवाल्याचा जन्म शेवटचं पाणी सोडून देण्यात गेलेला. त्या संध्याकाळी पाय भरून आले होते, डोळे मिटत होते, आणि हात सवयीने व्हॉल्व्हवर गेला. उद्यासाठी साठवलेलं पाणी घळाघळा वाहून गेलं.

मालकीण धावत आली. "काका, पुन्हा तेच! उद्या चादरी काय तुमच्या घामात धुवायच्या?"

"घाम तरी कुठे उरलाय, बाई."

"आता परत झालं, तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

त्याने खांद्यावरचा रुमाल काढून व्हॉल्व्हच्या चाकाला घट्ट बांधला.

"डोक्याला कळलंय," तो म्हणाला, "हाताला अजून समजावतोय."

मग तो तिथेच भिंतीला टेकून बसला.