पात्राच्या शोधात आलेला पाहुणा

"पात्रं मातीतून उगवतात," असं व्यासपीठांवरून सांगणारे एक मोठे कादंबरीकार मातीच्या शोधात डोंगरकडा या आमच्या गावी आले. मीही लिहितो, म्हणून त्यांना घेऊन फिरायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना आत्याकडे नेलं. आत्या विधवा, पण केळीचे ट्रक स्वतः उभी राहून भरून घेणारी बाई.

त्यांनी वही उघडली. "तुमचं दुःख सांगा."

"काहून? तुमी डॉक्टर हाव का?" असं म्हणत तिनं एका लबाड व्यापाऱ्याची कशी जिरवली, ते रंगवून सांगायला घेतलं. पाहुण्यांनी वही मिटली आणि चहा घेऊन ते निघाले.

वर्षभरानं त्यांची कादंबरी आली. तिच्यात आत्या होती, विहिरीच्या काठावर मुक्यानं रडणारी. मी तिला ते पान वाचून दाखवलं.

"मंग इतक्या लांब आला काहून त्यो?" ती म्हणाली. "रडणारी बाई तर घरी बसून बी लिहिता आली असती."

मी पोटभर हसलो. मग आठवलं, माझ्या तिन्ही कादंबऱ्यांतल्या बायका रडतच असतात आणि आत्या त्यांत कुठंच नाही.