नाव छापून येईल

नंदाताई ओव्हाळ यांनी आपल्या शोधनिबंधाचं शेवटचं पान सगळ्यात आधी लिहिलं. आभाराचं पान. लेखाला तेव्हा शीर्षकही नव्हतं. तक्ते व्हायचे होते, निष्कर्ष तर फार दूर होते. आभार मात्र तयार होते.

"अगं, जेवणाआधीच ढेकर?" त्यांचे यजमान कचरू ओव्हाळ म्हणाले.

"जेवण कुणाच्या घरचं आहे ते आधी कळू दे की," नंदाताई म्हणाल्या.

त्या वारज्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवतात. त्याआधी बरीच वर्षं सरकारी रुग्णालयात सिस्टर होत्या, आणि तिथे त्यांनी कापून टाकलेले पाय पाहिले होते. त्या पायांबद्दल एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नसे. जखम झाल्याचं बहुतेकांना कळलंच नव्हतं. शुगर जुनी झाली की तळपायाची जाणीव बोथट होत जाते. काच रुतते, भेग चिघळते आणि पाय गप्प राहतो. ज्याचा पाय, त्यालाच बातमी सगळ्यात शेवटी.

नोकरीची शेवटची काही वर्षं उरली तेव्हा त्यांनी ठरवलं, यावर एक नीट अभ्यास करायचा आणि तो आरोग्यविज्ञानाच्या शोधपत्रिकेकडे पाठवायचा. वारज्यात घरोघरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या, शुगर असलेल्या बायका त्यांनी निवडल्या. या बायका प्रत्येक दाराबाहेर चप्पल काढतात आणि दिवसभर ओल्या फरशीवर अनवाणी वावरतात. नंदाताईंनी प्रत्येकीला तळहाताएवढा आरसा दिला. संध्याकाळी तो जमिनीवर ठेवायचा, वर पाय धरायचा आणि तळवा पाहायचा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. काही लाल, काळं, फुटलेलं दिसलं की सिस्टरला दाखवायचं. बस, एवढंच. असं वर्षभर करून काय फरक पडतो ते मोजायचं.

रविवारी वंदना झाली की वस्तीतल्या बुद्धविहाराचा हॉल मोकळा असे. बायका तिथे जमत. सगळ्या काही विहारात येणाऱ्यांपैकी नव्हत्या. सरुबाई तर खडकवासल्याच्या पलीकडच्या गावातून आलेल्या, शेतकरी घरातल्या. पहिल्या दिवशी आरसा हातात घेऊन त्या म्हणाल्या, "लोकं तोंड बघायला आरसा देत्यात. आमच्या नशिबी पाय."

संमतीपत्र वाचायची वेळ आली. कॉलेजच्या नीतिसमितीने मंजूर केलेला मजकूर नंदाताईंनी मोठ्याने वाचला. 'आपले नाव गुप्त ठेवले जाईल' या वाक्याशी हॉलमध्ये हशा झाला.

"का वो सिस्टर?" सरुबाई म्हणाल्या. "आम्ही काय चोरी केलीया, नाव झाकायला?"

मागून कुणीतरी विचारलं, "आणि तुमचं नाव येणार का छापून?"

"माझं येईल. लेख मी लिहिणार ना."

"म्हंजी पाय आमचं आन् नाव तुमचं!"

पुन्हा हशा. नंदाताईही हसल्या. मग हसू ओसरलं आणि त्या म्हणाल्या, "शेवटच्या पानावर प्रत्येकीचं नाव छापून येईल. पूर्ण नाव. माझा शब्द."

त्या असं का बोलल्या ते समजायला विहारातली एक रीत माहीत हवी. कुणी दान दिलं, मग ते पसाभर तांदूळ का असेना, की देणाऱ्याचं नाव माइकवरून वाचतात. बाईचं असेल तर आधी 'आयुष्मती' लावून. नंदाताईंच्या आईला तिच्या गावात कुणी नावाने हाक मारली तर ती लांबून आणि अर्धीच असे. तेच नाव विहाराच्या कर्ण्यातून पूर्ण, मानाने, सगळ्या वस्तीला ऐकू जाई, तेव्हा आई पदर सारखा करी. नंदाताई तेव्हा लहान होत्या. कुणाकडून घेतलं आणि त्याचं नाव उच्चारलं नाही, हे त्यांना अन्न टाकण्यासारखंच वाटे.

वर्ष सरलं. आरशांनी आपलं काम केलं. ज्या भेगा पूर्वी रुग्णालयापर्यंत गेल्या असत्या, त्या हॉलमध्येच मलमपट्टीवर थांबल्या. नंदाताईंनी इंग्रजीशी झुंजत लेख पूर्ण केला, संकेतस्थळावर चढवला आणि आभाराचं पान जोडलं. त्यात प्रत्येक नावाआधी 'आयुष्मती' होतं.

काही दिवसांनी शोधपत्रिकेच्या शनिवार पेठेतल्या कचेरीतून फोन आला. बोलणारी मुलगी ऋतुजा. आलेले लेख परीक्षकांकडे जाण्यापूर्वी चाळून पाहणं हे तिचं काम.

"ओव्हाळ मॅडम, आपला लेख मिळाला. एक शंका आहे. यातल्या सगळ्या बायकांचं पहिलं नाव एकच कसं?"

नंदाताईंनी 'आयुष्मती' म्हणजे काय ते सांगितलं.

"सॉरी मॅडम. मला खरंच माहीत नव्हतं." मग आवाज पुन्हा कचेरीचा झाला. "पण ही नावं छापता येणार नाहीत. आपणच संमतीपत्रात लिहिलंय, गुप्त ठेवू. आणि शेवटच्या पानावर आपणच मिरवणूक काढलीय."

"त्यांनीच मागितलं हो. तोंडी सगळ्या हो म्हणाल्यात."

"तोंडी काय, आमच्याकडे लोक तोंडी निष्कर्षसुद्धा काढतात. नावं काढा, मी लगेच परीक्षकांकडे पाठवते. नाही काढली तर लेख इथूनच परत जाईल. आणि हो, पहिल्या पानावरचं आपलं नावही वेगळ्या फाइलमध्ये हवं. लेख कुणाचा ते परीक्षकांना कळता कामा नये, आणि परीक्षक कोण ते आपल्याला."

फोन ठेवून नंदाताई बराच वेळ खिडकीत उभ्या राहिल्या. खाली महामार्गावरची वाहनं आपली ओळख न देता जात होती. नावं काढली तर शब्द मोडणार. ठेवली तर लेख मरणार आणि त्या आरशांनी जे काही सिद्ध केलं ते वारज्याबाहेर कुणालाच कळणार नाही. अख्खा आठवडा त्यांनी फाइल उघडली नाही.

कचरूभाऊ पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होते. पेठा-पेठांचे व्हॉल्व्ह फिरवायचे. चहाचा कप नंदाताईंपुढे सरकवून ते म्हणाले, "मी सगळी नोकरी पाणी सोडण्यात घालवली. पाणी आलं की ते खडकवासल्याचं. नाही आलं की कचरूचं."

"अहो, मस्करी सुचते तुम्हाला."

"मस्करी नाही. लोकांच्या घरात पाणी पोचत होतं, एवढं मला पुरत होतं. पण मला कुणी शब्द दिला नव्हता. तू दिलायस. तेव्हा मला विचारू नको, त्यांना विचार."

रविवारी नंदाताईंनी हॉलमध्ये सगळं सांगितलं. फोन, नियम, आपली चूक. नाव झाकायचं आणि छापायचंही, दोन्ही गोष्टी एकाच वेळी कबूल करून बसले, म्हणाल्या.

गलका झाला. "नियम बायकांच्या वेळीच बरा आठवतो!" एकजण म्हणाली. सरुबाई तर उठून उभ्याच राहिल्या. "मी नातवाला सांगून बसलीया, आजी पुस्तकात येणार हाय म्हणून. आता त्याला काय दाखवू, तळवा?" हसली कुणीच नाही. शेवटी ठरलं की सिस्टरने त्या कचेरीत जाऊन भांडायचं. गरज पडली तर सगळ्यांनी जायचं.

बायका पांगल्या. चपलांच्या ढिगापाशी एकजण मागे राहिली होती. तिचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे येईलच. ती वाकून चपला शोधत होती. तिच्या चपला समोरच होत्या.

"सिस्टर," ती खाली बघतच म्हणाली, "ते नाव नाही आलं तर बरं होईल."

"का गं? पहिल्या दिवशी तूही हो म्हणालीस."

"सगळ्या म्हणाल्या म्हणून म्हणाले. मी जिथे स्वयंपाक करते ना, त्या वहिनींना माझी शुगर माहीत नाही. पायाची जखम तर नाहीच. त्या वहिनी कुठल्याशा दवाखान्यात नोकरीला आहेत, असली पुस्तकं त्यांच्या टेबलावर असतात. जखमेला लागलेले हात म्हणून उद्या कणकेला हात लावू देणार नाहीत."

"मग वर्षभर बोलली नाहीस?"

"तुम्ही एवढ्या आनंदात नावं लिहीत होता. म्हटलं, तुमचं मन कशाला मोडा."

नंदाताई पायरीवर बसल्या. ज्या नावाला त्या फूल समजत होत्या, ते हिच्या वाटेवर काच म्हणून पडणार होतं, आणि वर्षभर त्यांना टोचलंसुद्धा नव्हतं. जखमेची बातमी शेवटी मिळते. इथे वेळेत मिळाली होती. त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "तू बोललीस, फार उपकार झाले."

पुढच्या रविवारी त्यांनी बायकांना एवढंच सांगितलं, की आपल्यातल्या एकीची रोजी जाऊ शकते, म्हणून नावं मी काढलीत. कोण ते विचारू नका. विचारलं कुणीच नाही. हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकीला असं एखादं घर ठाऊक होतं. सरुबाई थोडा वेळ आरशाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं केलंसा. नातवाचं मी बघते."

आभाराच्या पानावर आता एक ओळ उरली. इंग्रजीत होती, मराठीत तिचा अर्थ असा: 'वारज्यातल्या बायकांचे आभार. हा अभ्यास त्यांच्या पायांवर उभा आहे.' ऋतुजाचा निरोप आला. 'दुसरं वाक्य शास्त्रीय नाही. पण राहू दे. पाठवते.'

काही महिन्यांनी परीक्षकांचे अभिप्राय आले. एकाने दोन ओळींत बरं म्हटलं होतं. दुसऱ्याने पानंच्या पानं लिहिली होती. एक तक्ता चुकीच्या पद्धतीने मांडला होता, तर तो कसा मांडायचा ते पायरी-पायरीने समजावलं होतं. पावसाळ्यात ओल जास्त असते, मग ऋतूंचा परिणाम वेगळा काढला का, असं विचारलं होतं. सगळ्यात खाली लिहिलं होतं, हे काम छापलं गेलं पाहिजे, म्हणून इतका त्रास दिला आहे.

नंदाताईंनी ऋतुजाला फोन लावला. "या परीक्षकांचं नाव तेवढं सांगा हो. मला आभार मानायचेत."

"मॅडम, आपण सुधारणार नाही."

"बाई आहेत की पुरुष, तेवढं तरी?"

"मलाही सांगायला आवडलं असतं," ऋतुजा या वेळी कचेरीच्या आवाजात बोलली नाही. "लेख नीट करून पाठवा. त्यांना तेच आवडेल."

नंदाताईंनी लेख नीट केला. आभारात आणखी एक ओळ घातली, अनाम परीक्षकासाठी. कुणीतरी, कुठल्याशा शहरात, आपलं नाव न सांगता त्यांच्या तक्त्यावर संध्याकाळ घालवली होती. आपण बायकांच्या पायांवर वाकलो, तसंच. लेख छापून आला तेव्हा त्यांनी ती बायकांची ओळ हॉलमध्ये इंग्रजीत वाचली, मग मराठीत. सरुबाईंनी ती पुन्हा वाचायला लावली.

वैशाख पौर्णिमेला विहारात खीर होती. मोठ्या आवाजामुळे माइक कचरूभाऊंकडे असतो. बायका तांदूळ, दूध, साखर घेऊन आल्या. "साखर दिलीय, खाणार नाय," सरुबाईंनी सिस्टरला आधीच सांगून टाकलं.

"एकेकीचं नाव सांगा," कचरूभाऊ म्हणाले.

"एकच सांगा," सरुबाई म्हणाल्या. "वारज्यातल्या बायका. कागदात हाय तसंच."

बायकांनी माना हलवल्या. चपलांपाशी थांबलेली ती, जिचं नाव मी लिहीत नाही, तीही पुढे येऊन उभी राहिली.

"आणि आमच्या हिचं?"

"सिस्टर काय बाई न्हाईत व्हय? त्यातच आल्या."

कचरूभाऊंनी घसा साफ केला. "खिरीसाठी तांदूळ, दूध आणि साखर. आयुष्मती वारज्यातल्या बायका!"

कर्ण्यातून ते वस्तीभर गेलं. नंदाताई पातेलं धरायला लगबगीने अंगणात निघाल्या, तशाच अनवाणी. सरुबाईंनी मागून त्यांचा पदर धरला.

"सिस्टर, फरशी तापलीया. आधी पायात घाला."

नंदाताईंनी निमूटपणे चपला घातल्या.