चेहरा समोर ठेवा

"नवी गाडी आहे. कालच पूजा झालीय तिची. आत काही बरंवाईट झालं तर?"

शेठ एवढं बोलला आणि पायरीवर उभा राहिला. माझी माय त्याच्या फाटकाच्या सावलीत बसली होती, तोंड उघडं टाकून. सकाळपासून आम्ही दोघी त्याच्याच गच्चीवर, त्याच्याच घरचे वर्षाचे गहू वाळत घालत होतो. जळगावचं मे महिन्यातलं ऊन. मायचा दम कोंडला. कशीबशी जिन्यावरून खाली आणली. रुग्णवाहिकेला फोन केला, तर ती एरंडोलकडे गेलेली. शेठचा ड्रायव्हर शिंदखेड्याला लग्नाला. गाडी मात्र दारात उभी. पुढे झेंडूचा हार, चाकाखाली चिरडलेली लिंबं.

शेठच्या बायकोला गाडी येते. आम्ही त्यांना भाभी म्हणतो. त्यांनी देवघराजवळच्या खिळ्यावरून किल्ली काढली. शेठने नुसतं पाहिलं. भाभींनी किल्ली परत अडकवली.

मी हात जोडले. "शेठ, पाया पडते तुमच्या."

मायने माझा पदर ओढला. "त्याले हात नको जोडू, पोरी."

तेच तिचं शेवटचं बोलणं. रिक्षा मिळाली, पण उशिरा. रेल्वेच्या पुलावर तिची मान माझ्या खांद्यावर पडली. दवाखाना पुढेच होता.

आम्ही बौद्ध. त्या घरात हे कोणी तोंडाने म्हणत नाही. म्हणायची गरजच काय! गाडी बाहेरून मी पुसायची, आतून ड्रायव्हर. आधीच्या गाडीलाही हाच नियम होता. कोणी सांगितला, कधी सांगितला, मला आठवतही नाही.

जलदानविधी उरकून कामावर गेले. पोट कुठे ऐकतं? शेठ म्हणाला, "तिचं वयच झालं होतं गं." आणि गाडी धुवायला सांगितली. मी धुतली. बादलीतल्या पाण्यापेक्षा माझे डोळेच जास्त गळत होते. किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होतं. खिळ्यापर्यंत हात पोहोचत होता. चालवता येत नव्हतं. हे मला आजही खातं.

त्याच दिवशी माझ्या पोरीला म्हटलं, मला गाडी शिकायची. ती धुळ्याला कॉलेजात शिकते, सुट्टीला घरी आलेली. "मम्मी, तू रिक्षातसुद्धा डोळे मिटून बसतेस!" हसली. मग माझ्याकडे पाहिलं आणि फोन हातात घेतला. तिनेच फोनवर शिकाऊ परवान्याचा अर्ज भरून दिला, कोर्स लावून दिला. आधी व्हिडिओ बघायचे, मग परीक्षा. परीक्षेत फोनचा कॅमेरा चालू. चेहरा सारखा समोर पाहिजे, हलला की परीक्षा रद्द.

वस्तीत नेट धड चालत नाही. दुपारी भांडी झाली की बंगल्याच्या मागच्या ओट्यावर बसून बघायची. लाल दिवा, पिवळा दिवा, वळणाच्या खुणा. एका व्हिडिओत रुग्णवाहिका मागून येते. बाई गोड आवाजात सांगते, तिला आधी वाट द्या, एखाद्याचा जीव वाचू शकतो. मी फोन पालथा घातला. अगं बाई, हे शेठनेही कधीतरी पाठ केलंच असेल की! परवाना आहे त्याच्याकडे. मी तिथेच पदर तोंडात कोंबून रडले.

परीक्षेच्या दुपारी फोन डब्याला टेकवून बसले. सगळं येत होतं. एवढ्यात शेठ मागच्या दारात आला. बोललाही नाही, नुसता आला. आणि माझी मान खाली गेली. हात आपोआप डोक्यावर गेला, पदर पुढे ओढला. तो आला की आम्ही बाया असंच करतो, लहानपणापासून तेच अंगात भिनलेलं. फोन म्हणाला, चेहरा दिसत नाही. परीक्षा रद्द.

पोरगी कळवळली. "तुला येत होतं ना सगळं? मग काय झालं?"

काय सांगू तिला? मान खाली गेली, असं सांगितलं. तीही रडली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी घरीच दे. मी नेटचं बघते."

"नाही," म्हटलं. "मान जिथं खाली गेली, तिथंच वर करीन."

पुन्हा तोच ओटा, तोच डबा. या वेळी पदर खांद्यावर घेऊन कमरेला खोचला. रुग्णवाहिकेचा प्रश्न आला. बरोबर तेव्हाच शेठचा आवाज आला, "अगं, गाडी धुवायची राहिलीय." मानेत नुसती कळ उठली. मान खाली जायला बघत होती मेली. मी दात आवळून समोर पाहत राहिले. "ऐकू येत नाही का?" तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"परीक्षा चालू आहे," मी म्हटलं. फोनवरची नजर काढली नाही. उत्तर दाबलं.

पास झाले.

शेठने फोनमध्ये डोकावलं आणि हसला. "वा! मग आता आमचीच चालव. ड्रायव्हर सारखा सुट्टीवर असतो. फक्त सीटवर टॉवेल टाकत जा."

मी उठले. माझी मान वरच होती. "शेठ, माझ्या मायला जिच्यात जागा झाली नाही, तिला मी आतून शिवणार नाही आणि बाहेरूनही नाही. बादली मोरीत आहे. तुमची तुम्ही धुवा."

भाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी खाली पाहिलं. मी चपला घातल्या आणि फाटकातून निघाले.

आता दुसऱ्यांची धुणीभांडी करते आणि सकाळी गाडी शिकते. शिकवणीची गाडी जुनी आहे, क्लच पाय मोडतो. चढावर अजून बंद पडते, मागचे हॉर्न वाजवून शिव्या घालतात. घालू देत. मी पुन्हा चालू करते. त्या रेल्वेच्या पुलावर पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा डोळ्यांना धार लागली. मास्तर म्हणाले, "बाई, थांबायचं का?" मी नाही म्हटलं आणि पूल उतरले.

माय परत येणार नाही. ते दुःख माझ्याबरोबर जळेल. पण वस्तीत कोणाचा दम कोंडला, तर मिळेल त्या गाडीचं दार मी उघडीन, आतल्या सीटवर मी झोपवीन आणि गाडी मी काढीन. हात स्टिअरिंगवर राहतील, माय. जोडायला आता ते मोकळे नाहीत.